गजबजलेल्या वस्तीत बहुमजली कार्यालयाची इमारत कशी उतरवावी

इमारत पाडणे आणि इमारत उतरवणे या दोन शब्दप्रयोगांत मोठे अंतर आहे. मोकळ्या माळावरची इमारत पाडता येते. चारही बाजूंना दुकाने, बँका, बसथांबे आणि दिवसभर माणसांची रीघ असलेल्या ठिकाणी ती उतरवावीच लागते. म्हणजे तिचा एकेक भाग सुटा करून, त्याचे वजन आधी ठाऊक करून घेऊन, ठरलेल्या वाटेने जमिनीपर्यंत आणावा लागतो. या कामात प्रत्येक घावाआधी एकच प्रश्न विचारायचा असतो: हा भाग या क्षणी कोणाला धरून आहे, आणि त्याला कोणी धरले आहे?

हा प्रश्न न विचारल्याची किंमत माणसांनी मोजलेली आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ५ जून २०१३ रोजी एका जुन्या चार मजली इमारतीचे पाडकाम चालू होते. आतल्या मजल्यांच्या लाकडी तुळया विकण्यासाठी आधीच काढून घेतल्या होत्या आणि बाहेरची उंच भिंत तशीच उभी ठेवली होती. ती भिंत शेजारच्या चालू दुकानावर कोसळली आणि सात जणांचा जीव गेला. इतकी वर्षे भिंत उभी आहे म्हणजे ती स्वतःच्या बळावर उभी आहे, हा समज फार घातक आहे. बहुतेक भिंतींना मजल्यांनी आडवा आधार दिलेला असतो. मजला गेला की तो आधारही जातो.

कागदावरची इमारत आणि प्रत्यक्षातली इमारत

मंजूर नकाशे, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, पायाचा तपशील, जमिनीच्या चाचणीचा अहवाल, नंतर केलेल्या बदलांची कागदपत्रे असे जे जे मिळेल ते आधी गोळा करावे, आणि मग त्यातल्या कशावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कार्यालयाची इमारत आपल्या आयुष्यात अनेक भाडेकरू बघते. कोणी जड कपाटांसाठी मजला जाड करून घेतो, कोणी दोन मजले जोडणारा जिना काढण्यासाठी स्लॅब कापतो, कोणी मधली भिंत काढून तिच्या जागी लोखंडी गर्डर घालतो, आणि यातले बरेचसे काम कागदावर येतच नाही. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्येक मजला पायी फिरून पाहावा, फॉल्स सीलिंग ठिकठिकाणी उघडावे, स्लॅबमधून कोअर, म्हणजे गोल नमुना, काढून जाडी मोजावी, आणि बीम व कॉलमचे प्लास्टर काढून सळ्यांची संख्या आणि गंज तपासावा.

या पाहणीत काही गोष्टी मुद्दाम शोधाव्या लागतात. तळमजल्यावर प्रशस्त, खांब नसलेले दालन असेल तर वरच्या कॉलमचा भार कुठल्यातरी मोठ्या ट्रान्सफर बीमवर घेतलेला असणार. त्या बीमला शेवटपर्यंत हात लागता कामा नये. दर्शनी भागावर तयार काँक्रीटची जड पॅनेल लोखंडी ब्रॅकेटवर टांगलेली असतील तर ब्रॅकेट किती गंजले आहेत हे बघावे, कारण मजला तोडताना होणाऱ्या हादऱ्याने असे पॅनेल थेट पदपथावर येऊ शकते. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब. बीम नसलेला, पातळ, तरीही आठ-दहा मीटरचा गाळा, म्हणजे खांबांमधले अंतर, पेलणारा स्लॅब दिसला की त्यात ताणलेल्या पोलादी केबल असल्याची शंका घ्यावी आणि स्लॅबच्या कडेला त्यांच्या अँकरच्या, म्हणजे टोके धरणाऱ्या पकडींच्या, खुणा शोधाव्यात. अशी केबल ब्रेकरखाली, म्हणजे काँक्रीट फोडणाऱ्या यंत्राच्या घावाखाली, तुटली तर तिच्यातला ताण क्षणात सुटतो आणि अँकर कडेबाहेर उडू शकतो. केबलभोवती ग्राउट, म्हणजे सिमेंटची खळ, भरलेले नसेल, तर तोडलेल्या जागेपासून दूरच्या गाळ्यांचीही ताकद त्याच क्षणी जाते. अशा इमारतीत आधी खाली टेकू द्यावे लागतात, मग केबलचा ताण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली क्रमाने उतरवावा लागतो, आणि त्यानंतरच तोडकाम सुरू करता येते.

या सगळ्यावरून इंजिनिअरने कामाचा क्रम लिहून आणि चित्रात काढून द्यावा. प्रत्येक टप्पा संपल्यावर इमारत कशी दिसेल, तिचा कोणता भाग कशावर उभा असेल, यंत्र कुठे उभे राहील आणि कुठे अजिबात जाणार नाही, हे मुकादमाला एका नजरेत कळले पाहिजे. क्रम बदलायची गरज पडतेच, पण तो बदलण्याचा अधिकार फक्त त्या इंजिनिअरचा असावा. दक्षिण कोरियातील ग्वांगजू शहरात ९ जून २०२१ रोजी पाडकाम चालू असलेली पाच मजली इमारत रस्त्याच्या बाजूला कोसळली आणि थांब्यावर उभ्या असलेल्या बसमधील नऊ जण मृत्युमुखी पडले. वरून खाली येण्याचा आराखडा कागदावर होता. प्रत्यक्षात खालचे मजले आधीच पोखरलेले होते आणि मागच्या बाजूला मातीचा उंच भराव रचून त्यावर यंत्र चढवलेले होते. इमारतीपुढचा बसथांबाही हलवलेला नव्हता.

शेजाऱ्यांच्या भिंती

शेजारच्या इमारतीची पाहणी काम सुरू होण्यापूर्वी, तिच्या मालकाच्या उपस्थितीत व्हावी. प्रत्येक खोलीतल्या जुन्या भेगांची छायाचित्रे पट्टी लावून आणि तारखेसह घ्यावीत आणि त्या नोंदवहीवर दोन्ही पक्षांनी सही करावी. पुढे वाद झाला तर हीच वही दोघांच्याही कामी येते. मोठ्या भेगांवर काचेची पातळ पट्टी चिकटवावी किंवा मिलिमीटरच्या खुणा असलेली मोजपट्टी बसवावी, आणि भिंतीच्या उंचीवर ठरावीक बिंदू रंगवून त्यांची जागा सर्व्हेच्या उपकरणाने रोज मोजावी.

काचेची पट्टी हे साधन साधे आहे, पण मला त्याने एकदा मोठ्या अनर्थातून वाचवले आहे. आम्ही एका सहा मजली कार्यालयाचा चौथा मजला तोडत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या जिन्यातली पट्टी मधोमध तडकलेली दिसली; आदल्या संध्याकाळी ती शाबूत असल्याची नोंद वहीत होती. काम तिथेच थांबवले आणि आमच्या बाजूचे प्लास्टर काढून पाहिले, तेव्हा कळले की आमच्या मजल्याचे चार बीम दोन्ही इमारतींमधल्या सामाईक भिंतीत हातभर आत शिरलेले आहेत. नकाशात तिथे स्वतंत्र कॉलम दाखवले होते. आम्ही ब्रेकरने बीम उचकटत होतो आणि प्रत्येक धक्का थेट शेजाऱ्याच्या जिन्यापर्यंत पोहोचत होता. त्यानंतर आम्ही भिंतीपासून थोडे अंतर सोडून बीम डायमंड करवतीने कापले आणि त्यांची टोके भिंतीतच राहू दिली. अशी टोके ओढून काढण्याचा मोह कधीही धरू नये. ती भिंतीचा भाग झालेली असतात. फार तर बाहेर आलेला भाग नंतर हलक्या हाताने छाटून प्लास्टर करावे.

दोन इमारती एकमेकींना टेकून उभ्या असतील तर आपली इमारत गेल्यावर शेजारच्या भिंतीला आडवा आधार कोण देणार, हे आधीच ठरवावे लागते. दोन्ही बाजूंना शेजारी असतील तर त्यांच्या भिंतींमध्ये लोखंडी आडवे धिरे, म्हणजे आधाराचे दांडे, देता येतात. एकाच बाजूला शेजारी असेल तर जमिनीवर भक्कम पाया घेऊन तिरके धिरे द्यावे लागतात. धिरा नेहमी मजल्याच्या पातळीवर टेकवावा, कारण दोन मजल्यांच्या मध्ये दिलेला धिरा भिंतीला आत ढकलतो. आपला मजला निघण्याच्या आधी त्या पातळीवरचा धिरा बसलेला असला पाहिजे.

आजूबाजूच्या दुकानदारांना आणि रहिवाशांना काम कधी सुरू होणार, कोणत्या वेळी आवाज जास्त असणार, कोणती वाट बंद राहणार हे लेखी कळवावे, आणि तक्रार ऐकायला एकच जबाबदार माणूस नेमून त्याचा दूरध्वनी क्रमांक कुंपणावर लावावा. शेजारच्या माणसांना आपल्या भिंतीची रोजची कुरकुर ओळखीची असते. 'काल रात्री दार अडकायला लागले' ही तक्रार किरकोळ वाटते, पण दाराची चौकट तिरकी झाल्याची ती पहिली खबर असू शकते आणि तिची नोंद त्याच तासात व्हायला हवी.

इमारत रिकामी करणे

वीज, गॅस, पाणी, सांडपाणी आणि दूरसंचार यांच्या जोडण्या इमारतीच्या आत बंद करणे पुरेसे नाही. त्या जागेच्या हद्दीवर किंवा तिच्या बाहेर तोडून टोके बंद करावीत आणि संबंधित सेवेकडून तसा लेखी दाखला घ्यावा. दाखला मिळाल्यावरही प्रत्येक केबल उपकरणाने तपासल्याशिवाय मृत मानू नये, कारण जुन्या इमारतींत शेजारून ओढलेली अनधिकृत जोडणी सापडणे ही नवलाची गोष्ट नाही. कामासाठी लागणारी तात्पुरती वीज पूर्णपणे वेगळ्या, उठून दिसणाऱ्या केबलवरून घ्यावी.

एक जोडणी मात्र शेवटपर्यंत जपायची असते, ती म्हणजे आगीच्या पाण्याची उभी पाइप. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात नुकसान झालेली डॉइश बँकेची इमारत उतरवली जात असताना १८ ऑगस्ट २००७ रोजी तिला आग लागली. तळघरातली ती पाइप आधीच तुटलेली होती आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामासाठी जिने बंद केलेले होते. वर अडकलेले दोन अग्निशामक जवान त्या धुरात मरण पावले. गॅस कटरच्या ठिणग्या, लाकडी सामान आणि प्लास्टिकची आवरणे एकत्र येतात तिथे आग लागणार असे गृहीत धरूनच चालावे. पाइप वरून मजल्याइतकी कापत खाली यावे, दर वेळी टोक झाकून दाब तपासावा, किमान एक जिना पूर्ण मोकळा ठेवावा, आणि गॅस कटिंग संपल्यावर किमान तासभर त्या जागी व तिच्या खालच्या मजल्यावर पहारा ठेवावा.

तोडकामाआधी घातक पदार्थ बाहेर गेले पाहिजेत. त्यांत सर्वांत पहिला अ‍ॅस्बेस्टॉस. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या इमारतींत तो पाइपांच्या वेष्टनात, छताच्या आणि जमिनीच्या टाइल्समध्ये, लोखंडी बीमवर फवारलेल्या अग्निरोधक थरात, आगरोधक दारांच्या पोटात आणि सिमेंटच्या पत्र्यांत आढळतो. त्याच्या सर्व प्रकारांनी कर्करोग होतो आणि तो आजार बहुतेकदा वीस ते चाळीस वर्षांनी उघड होतो, म्हणून काम करताना काहीच त्रास झाला नाही या अनुभवाला इथे काडीचीही किंमत नाही. नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. सुटणारा अ‍ॅस्बेस्टॉस बंदिस्त तंबूत, आतला हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवून आणि बाहेर जाणारी हवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून नेऊन, प्रशिक्षित माणसांकडूनच काढून घ्यावा आणि हवेचा अहवाल स्वच्छ आल्याशिवाय तंबू उघडू नये. याखेरीज ट्यूबलाइटमधला पारा, जुन्या ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटरमधले पीसीबी हे विषारी तेल, वातानुकूलन यंत्रांतला वायू, यूपीएसच्या बॅटऱ्या, शिशाचा रंग, काही जुन्या धूरसूचकांतला किरणोत्सारी अमेरिशियमचा कण आणि जनित्राची डिझेल टाकी यांची स्वतंत्र यादी करून प्रत्येक गोष्ट योग्य ठिकाणी पोहोचवावी. डिझेलची टाकी रिकामी केल्यावरही आतली वाफ पेट घेऊ शकते; ती धुऊन वायुमुक्त केल्याचा दाखला येईपर्यंत तिच्याजवळ कटर नेऊ नये.

त्यानंतर दारे, काच, फॉल्स सीलिंग, डक्ट, वायरिंग, गालिचे असे सगळे सामान हाताने काढावे. हे काम संथ वाटते, पण त्यामुळे पुढचा राडारोडा शुद्ध काँक्रीट आणि पोलाद एवढाच उरतो आणि दोन्हींचा पुनर्वापर करता येतो. इथे एकच सावधगिरी महत्त्वाची आहे: विटांची मधली भिंत 'फक्त आडोशाची' आहे हे इंजिनिअरने सांगितल्याशिवाय ती काढू नये.

पद्धतीची निवड

सुरुंग लावून काही सेकंदांत इमारत खाली बसवण्याचे दृश्य सर्वांनी पाहिलेले असते आणि मालकही बहुधा त्याच्याबद्दलच पहिल्यांदा विचारतो. दाट वस्तीत मी त्याला नकारच देईन. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे १३ जुलै १९९७ रोजी जुने रुग्णालय स्फोटाने पाडताना उडालेल्या तुकड्याने बारा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. ती तळ्याच्या पलीकडे ४०० मीटरहून अधिक अंतरावर उभी होती. लांब हाताच्या पोकलेनने जमिनीवरून इमारत कुरतडणे ही दुसरी पद्धत चांगली आहे, पण यंत्राला इमारतीपासून तिच्या उंचीच्या प्रमाणात मागे उभे राहावे लागते आणि पडणाऱ्या मालासाठी मोकळे अंगण लागते. गावाच्या मध्यभागी एवढी जागा सहसा नसते.

उरते ती वरून खाली, मजल्यामागून मजला उतरवण्याची पद्धत. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधली २७० पार्क अ‍ॅव्हेन्यू ही ५२ मजली कार्यालयाची इमारत २०१९ ते २०२१ या काळात अशीच वरून खाली उतरवली गेली. टोकियोच्या आकासाका भागातल्या सुमारे १४० मीटर उंच हॉटेलच्या बाबतीत तर २०१२-१३ मध्ये वरचे छतच झाकणासारखे जॅकवर ठेवून त्याच्या आत तोडकाम केले गेले आणि झाकण हळूहळू खाली आणले गेले, त्यामुळे धूळ व आवाज आतच राहिले. एवढी यंत्रणा प्रत्येकाला परवडणार नाही, पण तत्त्व तेच आहे: काम आवरणाच्या आत आणि वरून खाली.

म्हणून आधी चारही बाजूंनी परांची उभारावी, ती इमारतीला ठरावीक अंतरावर बांधावी, आणि तिच्यावर जाळी व धूळ अडवणारे जाड कापड लावावे. मजला उतरत जातो तसे परांचीचे बांधही सुटत जातात. वरचा मोकळा राहिलेला भाग एका मजल्याहून उंच ठेवू नये, कारण कापड लावलेली परांची शिडासारखा वारा धरते. पदपथावर भक्कम छत असलेली वाट बांधावी, आणि जिथे तेवढा भरवसा देता येत नाही तिथे पदपथ सरळ बंद करून पादचाऱ्यांना समोरच्या बाजूने न्यावे.

मजल्यावरचे वजन

वरून खाली येण्याच्या पद्धतीत छोटे पोकलेन क्रेनने गच्चीवर चढवतात, आणि इथूनच वजनाच्या हिशोबाला सुरुवात होते. कार्यालयाचा मजला साधारणपणे दर चौरस मीटरला २५० ते ४०० किलो वापराच्या भारासाठी बांधलेला असतो. पाच टनांच्या यंत्राचे दोन पट्टे मिळून जेमतेम दीड-पावणेदोन चौरस मीटर जमीन व्यापतात, म्हणजे पट्ट्यांखाली दर चौरस मीटरला सुमारे तीन टन भार येतो. हा भार थोड्या जागेवरच असल्याने आजूबाजूचा स्लॅब आणि बीम तो वाटून घेतात, पण त्यांना ते झेपेल की नाही हे गणितानेच ठरवावे लागते, आणि बहुतेक वेळा खालच्या दोन-तीन मजल्यांवर एकाखाली एक टेकू द्यावे लागतात. टेकू एका रेषेत नसतील तर वरचा भार खालच्या स्लॅबच्या मधोमध येतो आणि टेकू आधाराऐवजी घातच करतो.

यंत्रापेक्षाही फसवा असतो राडारोडा, कारण तो हळूहळू साचतो. तुटलेल्या काँक्रीटचा एक घनमीटर ढीग साधारण दीड टन भरतो. तो मजल्यावर फक्त ३० सेंटिमीटर, म्हणजे गुडघ्याच्याही खाली साचला, तरी दर चौरस मीटरला ४५० किलो होतात. मजल्याची ताकद तिथेच संपली, आणि त्यावर अजून यंत्र उभे आहे. म्हणून दर मजल्यावरच्या कॉलमवर लाल रंगाने साचण्याची मर्यादा आखून घ्यावी. त्या रेघेला ढीग टेकला की तोडणे थांबवून सफाई करायची, मग घड्याळात किती का वाजलेले असोत. पाण्याची फवारणी केलेला ढीग आणखी जड होतो, हेही या हिशोबात धरावे.

तोडण्याचा क्रम बांधण्याच्या उलट असतो. गच्चीवरच्या टाक्या, लिफ्टची खोली, मनोरे आधी उतरवावेत. नंतर बाहेर आलेले छज्जे आणि गॅलऱ्या घ्याव्यात, कारण त्यांना मागच्या स्लॅबच्या वजनाने तोलून धरलेले असते आणि मागचा स्लॅब आधी गेला तर ते पुढे उलटतात. मग गाळ्याच्या मध्यापासून कडेकडे स्लॅब, त्यानंतर दुय्यम बीम, मग मुख्य बीम आणि शेवटी कॉलम. यंत्राने नेहमी शाबूत भागावर उभे राहून मागे सरकत तोडावे. ज्या गाळ्यावर आपण उभे आहोत त्याचा एकही बीम दुबळा झालेला नसावा, आणि कडेजवळ किंवा छज्ज्यावर यंत्राने जाऊ नये.

सर्वांत नाजूक काम रस्त्याकडेच्या कॉलमचे आणि कडेच्या बीमचे असते. दोन कॉलम आणि त्यांच्यावरचा बीम अशी चौकट एका वेळी घ्यावी. प्रथम तिच्या माथ्याला पोलादी दोर बांधून तो आतल्या बाजूला यंत्राला किंवा विंचला जोडावा आणि ताणून घ्यावा. दोर ताणलेला आहे याची खात्री झाल्यावरच शेजारच्या चौकटीपासून बीम कापून वेगळा करावा. मग कॉलमच्या तळाशी काँक्रीट फोडून सळ्या उघड्या कराव्यात आणि बाहेरच्या बाजूच्या सळ्या कापाव्यात. आतल्या बाजूच्या सळ्या तशाच राहिल्या की त्या बिजागरीसारख्या वाकतात आणि चौकट आतल्या बाजूला झुकत, आधीच पसरून ठेवलेल्या राडारोड्याच्या गादीवर हळूच आडवी होते. कोणती सळी कापायची हे इंजिनिअरच्या चित्रात दाखवलेले असते आणि मुकादम ती खडूने रंगवतो. रंग नसलेल्या सळीला कटर लागत नाही. सळ्या कापलेली चौकट जेवणाच्या सुट्टीसाठीसुद्धा उभी सोडू नये. हात घातला की ती आडवी करूनच थांबायचे, आणि वारा वाढला असेल तर हातच घालायचा नाही.

जिथे हादरा चालणारच नाही, उदाहरणार्थ शेजारी रुग्णालय किंवा जुने नाजूक बांधकाम असेल, तिथे डायमंड करवतीने किंवा वायर सॉने, म्हणजे तारेच्या करवतीने, तुकडे कापून क्रेनने उतरवावेत. इथेही वजनाचा हिशोब आधी: १५ सेंटिमीटर जाडीचा, दोन बाय तीन मीटरचा तुकडा सव्वादोन टन भरतो. त्यावर पाणी, फरशी आणि प्लास्टर धरून क्रेनची क्षमता त्या अंतराला तपासावी, आणि शेवटचा काप देण्यापूर्वी तुकडा साखळ्यांवर पेललेला असावा.

राडारोडा खाली नेण्यासाठी लिफ्टचा शाफ्ट ही सोयीची वाट आहे. मात्र त्याची दारे प्रत्येक मजल्यावर बंद हवीत, तोंडाभोवती यंत्राला अडवणारा कठडा हवा, आणि तळाचा ढीग सतत उपसला गेला पाहिजे. शाफ्टमध्ये माल तुंबला तर तो भिंतींना बाहेर ढकलतो. खाली उपसणारे आणि वर टाकणारे एकाच वेळी काम करत नाहीत, हा नियम वायरलेसच्या भरवशावर सोडू नये. खालचे दार उघडे असताना वरचे तोंड कुलूपबंद राहील अशी व्यवस्था करावी.

धूळ, कंप, वाहतूक

काँक्रीटच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते आणि तिचे फुप्फुसात खोलवर जाणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून धूळ जिथे निर्माण होते तिथेच, काँक्रीट चावून फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यावर, बारीक तुषार मारावेत. होजपाइपने धो धो पाणी ओतल्याने धूळ तेवढीच उडते आणि चिखल मात्र शेजाऱ्याच्या तळघरात उतरतो. कामगारांना चेहऱ्यावर नीट बसणारे श्वसनसंरक्षक द्यावे. तोंडावर बांधलेल्या फडक्याने हे कण अडत नाहीत.

कंपनासाठी शेजारच्या इमारतीच्या पायाशी मोजमाप यंत्र बसवावे. जर्मनीचे डीआयएन ४१५० हे मानक अनेक देशांत आधार म्हणून वापरले जाते. त्यानुसार पायाशी, दहा हर्ट्झपर्यंतच्या मंद कंपनांसाठी, व्यापारी इमारतींना सेकंदाला २०, निवासी इमारतींना ५ आणि नाजूक वारसा वास्तूंना ३ मिलिमीटर ही मार्गदर्शक पातळी आहे. ती गाठण्याच्या बरेच आधी यंत्राने इशारा द्यावा अशी रचना ठेवावी. ब्रेकरच्या जागी क्रशरचा जबडा वापरल्याने कंप आणि आवाज दोन्ही खूप कमी होतात; शक्य तिथे क्रशरच वापरावा.

वाहतुकीचा हिशोब अनेकजण शेवटी करतात आणि तिथेच वेळापत्रक कोलमडते. काँक्रीटची कार्यालयीन इमारत ढोबळमानाने दर चौरस मीटर मजल्यामागे एक ते दीड टन भरते. प्रत्येकी ६०० चौरस मीटरचे दहा मजले म्हणजे सहा ते नऊ हजार टन, आणि १५ टनांच्या डंपरने ४०० ते ६०० खेपा. रस्त्यावर दिवसाला बाराच खेपांची परवानगी असेल तर नुसती वाहतूकच तेहतीस ते पन्नास दिवस चालेल, आणि तोडण्याचा वेग त्याहून जास्त ठेवला तर माल मजल्यांवर साचेल. डंपरांनी रस्त्यावर रांग लावू नये, चाके धुऊन आणि माल झाकून बाहेर पडावे, आणि फाटकाशी माणसांना थांबवणारा इशारेवाला कायम असावा.

तळघर

जमिनीची पातळी गाठली की सगळ्यांना काम संपल्यासारखे वाटते. तळघराच्या भिंतींना बाहेरून माती ढकलत असते आणि आतून तळमजल्याचा स्लॅब त्यांना तोलून धरतो. तो स्लॅब काढण्यापूर्वी आतून आडवे धिरे द्यावेत किंवा टप्प्याटप्प्याने भराव करत वर यावे, नाहीतर भिंत आत येते आणि तिच्यामागून रस्ता, पाण्याची मुख्य वाहिनी आणि शेजाऱ्याचा पायाही सरकतो.

भूजलाचाही विचार करावा. पाण्याची दर मीटर उंची तळघराच्या तळाला चौरस मीटरमागे एक टन वर ढकलते. तळ सहा मीटर खोल आणि भूजल दोन मीटरवर असेल तर हा रेटा चार टनांचा होतो. अर्ध्या मीटर जाडीच्या तळाच्या स्लॅबचे स्वतःचे वजन मात्र सव्वा टनच असते. आजवर वरच्या मजल्यांनी तो दाबून धरला होता. मजले गेले की तळ फुगतो किंवा फुटतो. म्हणून शेवटचे मजले उतरण्याआधीच भराव टाकून वजन ठेवावे किंवा पाण्याची पातळी पंपाने उतरवावी. पंपाने उतरवताना शेजारची जमीन खचत नाही ना, हे रोज मोजावे.

भराव थराथराने दाबून झाल्यावर सांडपाण्याच्या जुन्या वाहिन्यांची टोके काँक्रीटने बंद करावीत, नाहीतर त्यांतून माती वाहून जाऊन वर खड्डा पडतो. शेजाऱ्यांची उघडी पडलेली भिंत पावसासाठी बांधलेली नसते. तिला पाणीरोधक गिलावा आणि माथ्याला पन्हळ देणे हे आपलेच काम आहे, आणि ते पहिल्या पावसाच्या आत झाले पाहिजे. भेगांवरच्या मोजपट्ट्या लगेच काढू नयेत. भार उतरल्यावर जमीन सावकाश वर येत राहते, त्यामुळे पुढचे काही महिने नोंदी चालू ठेवाव्यात. जमिनीखाली राहिलेले पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, भिंतींचे तुकडे आणि बंद केलेल्या वाहिन्या यांचा मोजमापांसह नकाशा करून मालकाच्या हवाली करावा, कारण त्या जागेत पुढच्या वेळी खोदणाऱ्याला त्यांचा पत्ता दुसऱ्या कुठूनही लागणार नाही.